नदाल, नियत वयोमान आणि आपण

निकालाचा गुलाल धुऊन झाला. फटाक्यांचे कागद नगरपालिकेच्या लोकांनी गोळा केले. हरलेल्यांनी ईव्हीएमवर आणि जिंकलेल्यांनी मायबाप जनतेवर बोलून घेतलं. आता जरा वेगळ्या विषयावर लिहितो. गेल्या आठवड्यात चार-पाच जणांनी विचारलं, "नदालवर काही लिहिलं नाहीत तुम्ही?" लिहायचं होतंच. पण मुहूर्त असा निघाला की १९ नोव्हेंबरच्या रात्री तो स्पेनमध्ये मालागाला शेवटचं खेळत होता आणि २० तारखेला सकाळी सातला आपल्याकडे मतदान सुरू व्हायचं होतं.

१९ चा अख्खा दिवस मतदान साहित्याच्या वाटपात गेला. केंद्राध्यक्षांच्या याद्या, मशीनच्या पेट्या, एसटीच्या गाड्या, मांडवात जेवणाची रांग. रात्री साडेनऊला नदाल कोर्टवर उतरला तेव्हा मी बातम्या टाइप करत होतो आणि शेजारी मोबाईलवर स्कोअर चालू होता. ६-४, ६-४. हरला. नेदरलँड्सच्या बोटिक व्हॅन डी झँडशुल्पने हरवलं. मग अल्काराझने त्याचा सामना जिंकून बरोबरी केली, पण दुहेरीत अल्काराझ आणि ग्रॅनोलर्स ७-६, ७-६ असे हरले आणि स्पेन डेव्हिस चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडलं. म्हणजे नदालची कारकीर्द प्रत्यक्षात संपली ती तो बाकावर बसून दुसऱ्यांचा सामना बघत असताना. तिथले रात्रीचे बारा वाजून गेल्यावर निरोपाचा कार्यक्रम झाला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. मतदान केंद्रांवरची माणसं उठून मॉक पोलच्या तयारीला लागत होती.

आपल्या गावात टेनिस बघणारे किती, असं कुणी विचारेल. फार नाहीत. जिमखान्याचं एक कोर्ट आहे, त्यावर लग्नसराईत मांडव पडतो. पण जे बघतात ते गेली वीस वर्षं कडवेपणाने बघतात. त्यात फेडरर गट आणि नदाल गट. तालुक्यात गट असतात तसेच, फक्त इथे टेंडर नसतं. जोकोव्हिचवाले तिसरे, संख्येने कमी, पण आकडेवारी तोंडपाठ. तर या सगळ्यांचं नदालच्या जाण्यावर इतकं वेगवेगळं मत आहे की चहाच्या टपरीवर दोन संध्याकाळी निवडणूक बाजूला पडली. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात ही साधी गोष्ट नव्हे.

सगळ्यात जास्त ऐकलं ते हे, की त्याने २०२२ सालीच थांबायला हवं होतं. जूनमध्ये पॅरिसला चौदाव्यांदा फ्रेंच ओपन जिंकला, अंतिम सामन्यात कॅस्पर रूडला ६-३, ६-३, ६-० असं धुतलं, छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांपूर्वी झालेला, हातात चषक, समोर लाल माती. तिथेच "राम राम" म्हणून निघून गेला असता तर काय देखणं झालं असतं! त्याऐवजी अडीच वर्षं दुखापती, माघारी, पहिल्या-दुसऱ्या फेरीतले पराभव, आणि शेवट कुठे, तर एका बंदिस्त हॉलमध्ये, हार्ड कोर्टवर, ज्याचं नाव उच्चारताना आपली जीभ वळत नाही अशा माणसाकडून.

दुसरं मत याच्या बरोबर उलटं. तो अजून खेळू शकला असता, एक सीझन मातीवर द्यायचा होता, लोकांनी त्याला घाई केली. तिसरं मत, निरोपाचा कार्यक्रम त्याच्या तोलाचा झाला नाही. फेडरर, जोकोव्हिच, सेरेना पडद्यावर व्हिडिओतून दिसले, प्रत्यक्ष आले नाहीत. फेडररला मात्र २०२२ साली लंडनला कसा निरोप मिळाला होता, शेजारी नदाल बसून रडतोय, दोघांनी एकमेकांचा हात धरलाय. चौथं मत जरा दबक्या आवाजात सांगितलं जातं, कारण नदालवाले अंगावर येतात. ते म्हणजे, त्याला डेव्हिस चषकात खेळवायलाच नको होतं.

आता माझं सांगतो. पहिलं मत मला अजिबात पटत नाही. चौथं मला बरंचसं पटतं. आणि गडबड ही आहे की ही दोन मतं आपण एकाच पिशवीत घालतो.

पहिल्यापासून सुरू करू. "शिखरावर असताना थांबावं" हे आपण इतक्या सहज बोलतो, कारण निवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी नोकरी येते. नियत वयोमान. अठ्ठावन्न पूर्ण, महिन्याचा शेवटचा दिवस, सेवापूर्ती समारंभ, शाल-श्रीफळ, सहकाऱ्यांची भाषणं, उभयतांचा सत्कार आणि गाडीतून घरी. अशा समारंभांच्या बातम्या मी किती छापल्या असतील याचा हिशेब नाही. तारीख नोकरीला लागल्या दिवशीच ठरलेली असते, त्यामुळे हार आणायला वेळ मिळतो. खेळाडूला अशी तारीख कोण देतो? त्याचं शरीर. आणि शरीर नोटीस देत नाही. आज गुडघा गेला असं वाटतं, सहा महिन्यांनी तोच गुडघा साथ देतो. पुढच्या वेळी देत नाही. यातली कुठली वेळ शेवटची, हे खेळून बघितल्याशिवाय कळायचं कसं?

आपल्याकडे या चर्चेत विजय मर्चंट यांचं नाव हमखास निघतं. लोक "का?" विचारतायत तोवर जावं, "का नाही?" विचारेपर्यंत थांबू नये, असं वचन त्यांच्या नावावर सांगतात. वचन छानच आहे. पण मर्चंट स्वतः कसे गेले? १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या, त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी, आणि तीच त्यांची शेवटची कसोटी. ऐकायला कसं अगदी ठरवून केल्यासारखं वाटतं. मात्र त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला आणि त्यामुळे त्यांना पुढे खेळता आलं नाही. शिखरावरून उतरण्याचा आदर्श म्हणून आपण ज्यांना पुढे करतो त्यांनाही खांद्याने थांबवलं होतं.

गावसकर गेले तसे जाणारे असतात, नाही असं नाही. बंगळूरला १९८७ साली पाकिस्तानविरुद्ध चेंडू हातभर वळत असताना ९६ काढल्या आणि कसोटी क्रिकेट सोडलं. ॲश बार्टीने २०२२ साली जानेवारीत घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली. वय २५, क्रमवारीत पहिली. पण तेव्हा चाहते काय म्हणाले आठवतंय का? "इतक्या लवकर?" "अजून किती जिंकली असती!" बियाँ बोर्गने २६ व्या वर्षी सोडलं तर त्याबद्दल चाळीस वर्षं हळहळ चालू आहे. म्हणजे लवकर गेला तर घाई केली आणि राहिला तर लाज घालवली. चाहत्यांना हवी असलेली तारीख फक्त चाहत्यांच्या कॅलेंडरात असते, आणि तीही नंतर छापलेली.

नंतर छापलेली, हे मुद्दाम म्हणतोय. पीट सॅम्प्रसचं उदाहरण घ्या. २००२ साली मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो, तेव्हा एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठी करायचा सराव आमच्याकडून करून घेत. त्या उन्हाळ्यात सॅम्प्रस विम्बल्डनला दुसऱ्या फेरीत जॉर्ज बास्टल नावाच्या, क्रमवारीत १४५ व्या माणसाकडून हरला होता. विम्बल्डन सात वेळा जिंकलेला माणूस! दोन वर्षांत एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. संपला, आता सोडायला हवं, असा सूर सगळीकडे होता. सप्टेंबरमध्ये तोच सॅम्प्रस अंतिम फेरीत आगासीला हरवून अमेरिकन ओपन जिंकला. चौदावं ग्रँड स्लॅम. आणि त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही. आज सगळे म्हणतात, जावं तर सॅम्प्रससारखं. पण त्या रात्री त्याने निवृत्ती जाहीर केलीच नव्हती. जवळपास वर्षभर स्पर्धांतून नाव मागे घेत राहिला आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे थांबला. त्यालाही कळायला वर्ष लागलं. आणि जुलैत लोकांचं ऐकून थांबला असता तर तो देखणा शेवट झालाच नसता.

नदालचंही तेच. त्याच्या डाव्या पावलात हाडाचा दुर्मीळ आजार आहे, म्युलर-वाइस नावाचा, आणि तो सापडला २००५ साली. पहिलं फ्रेंच ओपन जिंकलं त्याच वर्षी. तेव्हा वय १९. त्या वेळीच पुन्हा खेळता येईल की नाही अशी शंका होती. बुटात खास तळवा घालून तो खेळत राहिला, तर त्या तळव्यामुळे भार दुसरीकडे गेला आणि गुडघे दुखायला लागले. "आता थांब" म्हणायला तेव्हापासून दर दोन वर्षांनी कारण होतं. २०१५ आणि २०१६ मध्ये तर भलेभले म्हणत होते की नदाल संपला. तोवर त्याची ग्रँड स्लॅम १४ होती. संपल्यानंतर त्याने आणखी आठ जिंकली. त्यातलं एक २०२२ चं ऑस्ट्रेलियन ओपन. अंतिम सामन्यात मेदवेदेवविरुद्ध दोन सेट मागे, तिथून पाच तास चोवीस मिनिटं खेळून जिंकला. त्याच्या काही महिने आधी तो कुबड्या घेऊन चालत होता.

आणि ते पॅरिसचं २०२२? ज्या देखण्या क्षणी त्याने थांबायला हवं होतं म्हणतात, तो क्षण पावलाला बधिरतेची इंजेक्शनं घेऊन खेळलेला होता. पाऊल जाणवतच नव्हतं. फोटोत इंजेक्शन दिसत नाही, एवढाच फरक.

त्यानंतरच्या काळाला आपण "वाया गेलेली अडीच वर्षं" म्हणतो. मी ती त्याच्या बाजूने बघायचा प्रयत्न केला. जानेवारी २०२३ ला मेलबर्नमध्ये कमरेजवळचा स्नायू गेला. जूनमध्ये शस्त्रक्रिया. जवळजवळ वर्षभर खेळ नाही. २०२४ मध्ये परत आला, तर फ्रेंच ओपनला पहिल्याच फेरीत झ्वेरेव्ह समोर, सरळ सेटमध्ये हरला. पॅरिसमध्ये एकूण ११२ सामने जिंकले आणि चार हरले, त्यातला हा चौथा. आयोजकांनी निरोपाची तयारी ठेवली होती, त्यानेच नको म्हटलं, कारण ही शेवटची वेळ असं त्यालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. मग जुलैत स्वीडनला बास्टाड नावाच्या छोट्या स्पर्धेत गेला. उपांत्यपूर्व फेरीत जवळपास चार तास खेळून जिंकला आणि पुढे अंतिम फेरीपर्यंत पोचला. तिथे नुनो बोर्गेसकडून हरला. अडतीस वर्षांचा, बावीस ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस एका छोट्या स्पर्धेत चार-चार तास धावतोय, यात लाजिरवाणं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. त्याला स्वतःलाच उत्तर हवं होतं. ते बास्टाडला अर्धं मिळालं, महिनाअखेरीस ऑलिम्पिकमध्ये जोकोव्हिचने ६-१, ६-४ असं हरवलं तेव्हा बरंचसं मिळालं, आणि १० ऑक्टोबरला त्याने व्हिडिओ टाकून सांगून टाकलं. बंधनं पाळल्याशिवाय आता खेळता येत नाही, हे त्याचं कारण. अडीच वर्षं लागली. त्याचं शरीर, त्याची वर्षं. आपल्या आठवणीतला फोटो खराब होऊ नये म्हणून त्याने उत्तर न शोधताच घरी बसावं, असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

त्याने या काळात कुणाची जागा खाल्ली, असंही नाही. लांब दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूला जुन्या क्रमवारीवर प्रवेश मिळतो, तो नियम सगळ्यांना आहे. पहिल्या फेरीत हरला तर त्याचा तो हरला.

(याच आठवड्यात दोन उमेदवारांकडून "ही माझी शेवटची निवडणूक" हे वाक्य ऐकलं. त्यातल्या एकांकडून २०१९ मध्येही ऐकलं होतं. तिथे नियत वयोमान लावता आलं तर बघा.)

आता नदालभक्तांना न आवडणारं.

डेव्हिस चषक ही वैयक्तिक स्पर्धा नाही. मालागातल्या लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी, एवढाच खेळ. एकेरीतली एक जागा म्हणजे देशाच्या नशिबाचा तिसरा हिस्सा. ती जागा कॅप्टन डेव्हिड फेररने नदालला दिली. नदालचा त्याआधीचा अधिकृत एकेरीचा सामना जुलैअखेरचा, ऑलिम्पिकमधला. मध्ये ऑक्टोबरात रियाधला प्रदर्शनीय सामने खेळला, ते धरायचे नाहीत. आणि संघात बाहेर कोण बसलं होतं? रॉबर्टो बॉतिस्ता अगुट. तोही ३६ वर्षांचा, म्हणजे तरुणाला संधी वगैरे भानगड नाही. पण त्याने महिन्यापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, अँटवर्पची स्पर्धा जिंकली होती, तीही अशाच बंदिस्त हार्ड कोर्टवर. समोरचा झँडशुल्प म्हणजे कुणी ऐरागैरा, असं ज्यांना वाटतं त्यांच्या माहितीसाठी, याच माणसाने ऑगस्टमध्ये अमेरिकन ओपनला अल्काराझला सरळ तीन सेटमध्ये हरवलं होतं. आणि याच डच संघाने पुढे जर्मनीला हरवून अंतिम फेरी गाठली, जिथे त्यांना परवा रविवारी इटलीने थांबवलं.

नदालवाले यावर सांगतात की डेव्हिस चषकात तो एकेरीचे सलग २९ सामने जिंकला होता. खरंय. २००४ साली पदार्पणात हरला, मग मालागापर्यंत एकदाही नाही. पण २९ पैकी शेवटचे सामने कोणत्या सालचे? त्या शरीराचा आणि या शरीराचा काय संबंध?

इथे मला २००४ ची गोष्ट आठवते आणि ती नदालचीच आहे. डेव्हिस चषकाचा अंतिम सामना, सेव्हिल शहर, म्हणजे मालागाच्याच अंदालुसिया प्रांतात. स्पेनविरुद्ध अमेरिका. स्पेनकडे हुआन कार्लोस फेरेरो होता, आदल्या वर्षीचा फ्रेंच विजेता, जगात पहिल्या क्रमांकावर राहून आलेला. त्या वर्षी आजारपण आणि दुखापतींमुळे त्याचा खेळ घसरला होता. पहिल्या दिवशी एकेरीत त्याला बसवून अठरा वर्षांच्या एका पोराला अँडी रॉडिकसमोर उभं केलं. स्टेडियममध्ये २७ हजारांवर लोक. पोरगा चार सेटमध्ये जिंकला. तो राफेल नदाल. फेरेरोला वाईट वाटलं, ते त्याने लपवलंही नाही. पण निर्णय बरोबर होता, कारण त्या दिवशी कोण जिंकून देईल एवढंच बघितलं गेलं. वीस वर्षांनी तोच प्रश्न नदालबाबत आला तेव्हा स्पेनने वेगळं माप लावलं. फेरेरो तेव्हा अल्काराझचा कोच होता. त्याच्या मनात काय आलं असेल कुणास ठाऊक.

नदालचा यात दोष किती? माझ्या मते कमी. आपण निवृत्त व्हायला आलो नाही, संघाला मदत करायला आलोय, असंच तो आधीपासून सांगत होता. निवड त्याने कॅप्टनवर सोडली होती. हरल्यावर तर प्रामाणिकपणे बोलला की स्पेन पुढे गेलं आणि मी कॅप्टन असतो तर मला पुन्हा खेळवलं नसतं. प्रश्न फेररचा होता. समोर तिकिटं काढून नदालसाठी आलेली माणसं, सरावात बरा खेळणारा जुना मित्र, आणि सगळ्या जगाचे कॅमेरे. नाही म्हणायला छातीच लागली असती. ती त्याने दाखवली नाही, असं मला वाटतं. ज्यांना उलट वाटतं त्यांनी खाली जरूर लिहा, फक्त "तुम्हाला टेनिसमधलं काय कळतं" एवढंच लिहू नका.

हे आपल्याला नवीन आहे का? नोव्हेंबर २०१३, वानखेडे. सचिनचा दोनशेवा सामना बघताना मी रडलोय आणि त्याची लाज वाटत नाही. पण त्याचं शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११ चं, केपटाऊनचं होतं, हेही खरं आहे. त्यानंतरची जवळपास तीन वर्षं संघातली जागा कायम होती. त्याच काळात आपल्या संगमनेर तालुक्यातल्या मुळाचा अजिंक्य रहाणे वर्षभराहून जास्त संघाबरोबर नुसता फिरत होता, खेळायला मिळत नव्हतं. तेव्हा ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना आपण देशद्रोही ठरवायचं बाकी ठेवलं होतं. सचिनने कधी थांबायचं हा त्याचा प्रश्न, बरोबर. पण संघात कोण खेळणार हा त्याचा एकट्याचा प्रश्न नव्हता. रणजी खेळत राहिला असता तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? मी पहिल्या दिवशी तिकीट काढून गेलो असतो.

मला म्हणायचंय ते एवढंच. किती दिवस खेळायचं, किती वेळा हरायचं, हे खेळाडूचं. हरण्याने त्याचं काही कमी होत नाही. पण देशाच्या संघातली जागा ही कुणाच्या सेवापूर्तीची शाल नाही.

राहिली निरोपाच्या कार्यक्रमाची तक्रार. हरल्यावर, मध्यरात्री, प्रेक्षक थकलेले असताना उरकला, हे खरंच आहे. पण मग दुसरं काय करणार होते? स्पेन जिंकलं असतं तर पुढे उपांत्य सामना होता, तारीख कळत नव्हती, मग फेडरर-जोकोव्हिचला विमानाचं तिकीट कुठल्या दिवसाचं काढायला सांगणार? फेडररचा निरोप देखणा झाला कारण तो आधीपासून आखलेला होता. पण फेडररचा शेवटचा एकेरी सामना कुणाला आठवतो का बघा. विम्बल्डन २०२१, उपांत्यपूर्व फेरी, हुर्काझविरुद्ध. शेवटचा सेट ०-६. विम्बल्डनला, फेडरर, शून्य-सहा. फेडरर गटाच्या एका काकांना हे टपरीवर सांगितलं तर ते म्हणाले, "तो सामना मी बघितलाच नाही." ज्यांनी बघितला तेही असंच म्हणतात. दोन वेळा गुडघ्याची शस्त्रक्रिया करून आला होता तो, पुढे तिसरी झाली. त्याने आपल्याला नंतर एक चांगला फोटो दिला आणि आपण तो भिंतीवर लावला.

आपल्या सानिया मिर्झाला तर तेवढंही नीट जमू दिलं नाही. २०२२ च्या सुरुवातीला तिने सांगितलं की हे शेवटचं वर्ष. ऑगस्टमध्ये कोपर दुखावलं, अमेरिकन ओपन हुकली, बेत बदलावा लागला. तर लोक म्हणाले, "निवृत्ती घेणार होती ना?" ती थांबली २०२३ च्या फेब्रुवारीत, दुबईला, पहिल्या फेरीत ४-६, ०-६ असं हरून. त्याच्या महिनाभर आधी मेलबर्नला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी खेळली होती. सहा ग्रँड स्लॅम, दुहेरीत जगात पहिली. तिच्या शेवटच्या सामन्यापेक्षा तिच्या कपड्यांवर आणि लग्नावर आपल्याकडे जास्त शाई खर्च झाली, आणि ती शाई खर्च करणाऱ्यांत आमचा धंदा आघाडीवर होता.

मालागात बोलताना नदाल म्हणाला की मायोर्कातल्या एका छोट्या गावातला चांगला माणूस म्हणून आपल्याला लक्षात ठेवावं. त्याचं मनाकोर म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं असेल. काकाने तिथेच शिकवलं, अकादमी त्याने तिथेच काढली. जिमखान्याच्या नव्या कार्यकारिणीने हे वाचलं तर निदान मांडवाचे खड्डे बुजवून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र कुणीच बोललं नाही, म्हणून सांगतो. त्या रात्री दुहेरीत अल्काराझ-ग्रॅनोलर्सना हरवणाऱ्या डच जोडीत झँडशुल्पबरोबर वेस्ली कूलहॉफ होता. २०२३ चा विम्बल्डन दुहेरीचा विजेता, दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेला. तोही याच स्पर्धेनंतर निवृत्त होणार होता. ती दुहेरी जिंकून त्याने नदालची कारकीर्द संपवली आणि स्वतःची आठवडाभर लांबवली, असं तेव्हा वाटलं. पण उपांत्य फेरीत नेदरलँड्सने दोन्ही एकेरी जिंकल्या, दुहेरी खेळावीच लागली नाही. अंतिम फेरीत इटलीने दोन्ही एकेरी जिंकल्या, तिथेही दुहेरी झाली नाही. म्हणजे कूलहॉफचा शेवटचा सामना तोच होता, नदालच्या निरोपाआधी, त्याच कोर्टवर. जिंकून गेला. त्या रात्री सगळे कॅमेरे दुसऱ्या बाकाकडे वळलेले होते, आणि हा आपला शेवटचा सामना झाला हे त्यालाही रविवारी कळलं.